बर्फाखालचं पाणी

कार्ल्सरूहे, २३ ऑगस्ट २०२४

ती. आप्पा,
नमस्कार.

ही मेल एकटे असताना वाचा. आईंना दाखवू नका. फोन मुद्दाम केला नाही. तुमचा फोन आईच आधी उचलतात, आणि माझा आवाज ऐकून त्यांना कळलं असतं.

उत्कर्षचा कालपासून पत्ता नाही.

तो सोमवारी आइसलंडला गेला हे तुम्हाला माहीत आहेच. तिकडे एका हिमनदीच्या पोटात ज्वालामुखी आहे. वरून नुसता बर्फ दिसतो, शेकडो मीटर जाड. खालची उष्णता तो बर्फ तळाकडून वितळवत राहते, पाणी आतल्या आत साठतं, आणि एक दिवस अख्खा बर्फ उचलून बाहेर पडतं. हे आधी कळावं आणि रस्ता बंद करता यावा म्हणून खालच्या नदीवर, हायवेच्या पुलापाशी, उत्कर्षच्या इन्स्टिट्यूटने यंत्र बसवलंय. ते मागच्या आठवड्यात बंद पडलं. तेच दुरुस्त करायला तो आणि आन्या गेले होते. आन्या म्हणजे त्याची जर्मन कलीग, दिवाळीत आमच्याकडे जेवायला आली होती ती.

काल दुपारी पाणी सुटलं. आन्या वर रस्त्यावर गाडीत होती. उत्कर्ष खाली यंत्रापाशी होता. पूल वाहून गेला. आन्या सुखरूप आहे.

हेलिकॉप्टर शोधतंय. मी उद्या फ्रांकफुर्टहून निघते. स्पृहाला आमच्या खालच्या मजल्यावरच्या नंदिनीकडे ठेवलंय. तिला सगळं सांगितलं. अकरा वर्षांच्या मुलीपासून काय लपवणार? ती स्वतःची बॅग भरायला गेली.

आप्पा, तुम्ही काहीतरी सांगा. काहीही.

नीता


सांगली, २४ ऑगस्ट

चि. सौ. नीता हिस
अनेक आशीर्वाद.

दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लिहितो आहे. बाहेर एक गिऱ्हाईक चष्म्याची काडी बसवून मागतंय, ते काम दुकानातल्या पोऱ्याकडे दिलं.

बाळ, धीर सोडू नकोस. पूर मला नवा नाही. २०१९ ला कृष्णेचं पाणी या खोलीत माझ्या छातीपर्यंत होतं. शेजारचा पद्माकर दोन दिवस बेपत्ता होता, त्याच्या घरी रडारड झाली, आणि तो हरिपुरात कुणाच्या तरी गच्चीवर बिस्किटं खात बसलेला सापडला. पाणी माणसाला कुठेतरी नेऊन सोडतं. उत्कर्ष पट्टीचा पोहणारा आहे.

आता एक मागणं आहे. कुंदाच्या हृदयाची झडप जूनमध्येच बदलली. डॉक्टरांनी बजावलंय की काही महिने धक्का बसता कामा नये. तो सापडेपर्यंत मी तिला काही सांगणार नाही. पण त्याचा फोन नाही म्हणून तिने घोर लावून घेतलाय. तुमच्या लॅपटॉपवर त्याचं व्हॉट्सअॅप उघडतं हे त्यानेच मला एकदा दाखवलं होतं. त्यावरून तिला दोन ओळी पाठव. त्याच्या नावाने. नेटवर्क नाही, बरा आहे, एवढंच. सापडला की तोच हसेल या गोष्टीवर.

नाही म्हणू नकोस.

आप्पा


आइसलंड, २८ ऑगस्ट

ती. आप्पा,

लॅपटॉप बरोबर आणलाय. तुम्ही सांगितलंत तसं केलं. 'आई, बर्फावर आहे, रेंज येत नाही, काळजी करू नकोस.' आईंचं लगेच उत्तर आलं, 'स्वेटर घातलास का?' मी 'हो' लिहिलं आणि लॅपटॉप मिटून टाकला.

आप्पा, हे कृष्णेसारखं पाणी नाही. कृष्णा पायरी पायरी चढते, माणूस सामान माडीवर नेतो. इथे डोंगराएवढा बर्फ फोडून पाणी आलं. इथले लोक सांगतात, ते सुटायच्या आधी नदीला गंधकाचा वास येतो. अजून बर्फाचे तुकडे पडलेत सगळीकडे, बसएवढे, काही दुमजली घराएवढे, काळ्या वाळूत रुतलेले. इथे गाव नाही, गच्ची नाही, झाड नाही. वाळू, आणि पुढे समुद्र.

आन्याने मला तिच्या लॅपटॉपवर एक आलेख दाखवला. उत्कर्षने यंत्र चालू केलं होतं. ते केलंच त्याने. नदीची रेघ दिसायला लागली, सरळ होती, मग वर गेली, एकदम वर, आणि तिथे संपली. त्या आकड्यांवर अलार्म गेला, पोलिसांनी दोन्ही बाजूंनी रस्ता अडवला. टूरिस्टांची एक बस पुलाच्या अलीकडे थांबली. आन्या म्हणाली, 'मी हॉर्न वाजवत होते. त्याने हात वर केला. म्हणजे, मला वाटलं येतोय.'

मला ती रेघ संपते ते दिसतं. डोळे मिटले तरी.

उद्या परत हेलिकॉप्टरने किनारा बघणार आहेत.

नीता


सांगली, १ सप्टेंबर

चि. सौ. नीता हिस
अनेक आशीर्वाद.

तुझे उपकार कसे फेडू? तुझ्या त्या 'हो'ने कुंदा जेवली. काल तिने पडवळाची भाजी केली, त्याला आवडते म्हणून शेजारच्या मीनलताईंना रेसिपी सांगत बसली होती. तिचा चेहरा बघून मीसुद्धा घटकाभर विसरतो.

यंत्र बंद पडलं म्हणजे माणूस गेला, असं थोडंच आहे? त्याने हात वर केला होता म्हणजे त्याला पाणी दिसलं होतं. पळाला असेल. एवढ्या मोठ्या मुलखात कुठे मेंढपाळाची झोपडी असेल, एखादं खोपट असेल. त्यांना झोपड्या तपासायला सांग.

मेसेज चालू ठेव. तुला सुचत नसेल तर तो कसा लिहितो ते आठव. जरा थट्टेचं लिहीत जा, नुसतं 'बरा आहे' वाचून तिला शंका येईल.

आप्पा


कार्ल्सरूहे, ७ सप्टेंबर

ती. आप्पा,

शोध थांबवला. बुधवारी. मी तुम्हाला तीन दिवस सांगितलं नाही, कारण तुमची मेल परत परत वाचत होते आणि मला झोपडीचं खरं वाटायला लागलं होतं. तिथे झोपड्या नाहीत आप्पा. मी स्वतः विमानातून बघितलं.

मेसेजही संपले. त्याचा फोन बरेच दिवस बंद आहे म्हणून लॅपटॉपवरचं व्हॉट्सअॅप आपोआप लॉगआउट झालं. बरं झालं. तुम्ही थट्टेचं लिही म्हणालात, मी लिहिलं. आईंनी विचारलं, 'नीता काय म्हणते?' मी त्याच्यासारखं लिहिलं, 'रुसलीय. मी सारखा घराबाहेर असतो म्हणून.' आईंनी लिहिलं, 'बायकोला फार एकटं ठेवू नये रे.' मी त्याच्या नावाने म्हटलं, 'नाही ठेवणार.' असं रोज. मी माझ्याच नवऱ्याकडून मला वचन देत होते.

आता हे मला झेपणार नाही. आईंना सांगा. डॉक्टरांना समोर बसवून सांगा. आणि मेसेज मी पाठवले हेही सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन.

नीता


सांगली, १६ सप्टेंबर

चि. सौ. नीता हिस
आशीर्वाद.

सांगितलं. डॉक्टर घरी आले होते. मी वाक्य पुरं करण्याआधी तिने मोबाईल पुढे केला. म्हणाली, 'बावीस तारखेला गेला म्हणता? मग हे काय? एकतीसला लिहिलंय, थंडीने नाक गळतंय म्हणून. गेलेल्या माणसाचं नाक गळतं का?'

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मेसेज तू पाठवलेस, माझ्या सांगण्यावरून पाठवलेस, एवढंच बोलायचं होतं. माझी जीभ रेटली नाही. थोडे दिवस जाऊ देत.

तिच्या मनाने वेगळंच घेतलंय. तुमचं दोघांचं बिनसलं, तो घर सोडून गेला, आणि हे झाकायला तू पुराची गोष्ट रचलीस, असं ती म्हणते. 'रुसलीय' हा शब्द तिने धरून ठेवलाय. तिचा फोन आला तर उलट बोलू नकोस. आजारी आहे.

आप्पा


कार्ल्सरूहे, २० नोव्हेंबर

आप्पा,

दोन महिने तुमची वाट बघितली. तुम्ही अजूनही सांगितलेलं नाही.

आईंचा फोन काल परत आला. 'माझा मुलगा कुठे आहे? तू काय बोललीस त्याला?' मी सांगितलं, आई, ते मेसेज माझे होते. आप्पांना विचारा. त्या म्हणाल्या, 'तुला लिहिता येईल तसं? एवढी माया आहे तुझ्यात?' आणि फोन ठेवला. स्पीकर चालू होता. स्पृहा समोर होमवर्क करत बसली होती.

इथली परिस्थिती ऐका. देह मिळाला नाही म्हणून दाखला नाही. श्टांडेसआम्टमधली, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदणी कचेरीतली बाई चांगली आहे, कळवळून बोलते, पण कायदा म्हणजे कायदा. एक वर्ष झाल्यावर कोर्टात अर्ज करायचा. तोपर्यंत उत्कर्ष 'फेर्शोलेन'. बेपत्ता. मी कोण, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. ऑफिसात लोक मला बघून किचनमधून बाहेर पडतात. स्पृहाच्या वर्गशिक्षिकेने बोलावलं होतं. वडील काय करतात यावर स्पृहाने लिहिलंय, 'ते पाणी मोजतात.' शिक्षिका विचारत होत्या, हिला कळलंय ना नक्की? मी घरी येऊन विचारलं तर म्हणाली, 'बाबा कॉम्ट निष्ट. आबर आजी ग्लाउब्ट एस निष्ट.' बाबा येणार नाहीत, पण आजीला ते पटत नाही. आणि आजीला पटेपर्यंत आपण भूतकाळात कसं लिहायचं, असं तिचं म्हणणं. जर्मनमध्ये.

मला रडायलाही मिळालं नाहीये आप्पा. रडले की वाटतं, कुणीतरी म्हणेल नाटक करते. काल ट्राममध्ये एका स्टॉपवर उतरायचं राहिलं, मग पुढच्यावर, मग शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले आणि ड्रायव्हर येऊन उभा राहिला तरी मला उठता येईना. मला भीती वाटते की एक दिवस मी उठणारच नाही. स्पृहा आहे म्हणून उठते.

तुम्ही माझे वडील असतात तर असं केलं असतंत का?

नीता


सांगली, ३ मार्च २०२५

चि. सौ. नीता हिस
आशीर्वाद.

तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न तीन महिने मनात होता. उत्तर देण्यासारखं तोंड नव्हतं.

महाशिवरात्रीला तिने उत्कर्षच्या नावाने अभिषेक सांगितला, दीर्घायुष्यासाठी. गुरुजींनी संकल्पात त्याचं नाव घेतलं आणि मला तिथे बसवेना. घरी आल्यावर बोललो. मेसेज नीताचे, कल्पना माझी, तिच्या मनात नव्हतं, मी भरीस घातलं. सगळं. कुंदाने ओरडावं, काही फेकून मारावं अशी माझी इच्छा होती. ती उठली आणि गॅसवरचं दूध उतरवलं. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, समोर ठेवते, जाते.

पण तिला तुझंही खरं वाटत नाही, आणि माझंही. पुतण्या हृषिकेश म्युनिकला असतो, त्याच्याकडून तिने व्हिसाची माहिती परस्पर काढली. व्हिसा झालाय. मे अखेरीस ती तुझ्याकडे येते. एकटी. 'मी त्या जागेवर उभी राहीन, त्या जर्मन बाईला विचारीन, मग ठरवीन,' असं तिने मीनलताईंना सांगितलं. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे.

मी येत नाही. तिने बोलावलं नाही म्हणून नाही. मला ती जागा बघवणार नाही. आजवर कुणाला बोललो नाही, तुला सांगतो: झोपडीचं मलाही कधी खरं वाटलं नव्हतं.

तिला सांभाळ. ती तुला टोचून बोलेल.

आप्पा


कार्ल्सरूहे, ११ जून

ती. आप्पा,

आई उद्या निघतात. त्या स्वतः तुम्हाला किती सांगतील माहीत नाही, म्हणून लिहिते.

पहिला आठवडा वाईट गेला. त्यांनी घरातली कपाटं उघडून बघितली. उत्कर्षचे शर्ट मोजल्यासारखे चाचपले. त्याचे बूट दारात होते, ते बघून म्हणाल्या, 'बूट इथेच आहेत की.' मी म्हटलं, त्याचे दोन जोड होते. नंदिनी खालून डाळ घेऊन आली तर तिला विचारलं, 'यांची भांडणं व्हायची का?' ती म्हणाली, 'व्हायची की काकू. कचऱ्याच्या डब्यांवरून. सगळ्यांचीच होतात इथे.'

मग आम्ही तिघी आइसलंडला गेलो. आन्या आधीच येऊन थांबली होती. नवा पूल अर्धा झालाय. बर्फाचे ते तुकडे कधीच वितळून गेले, त्यांच्या जागी वाळूत नुसते खळगे. नदी एवढीशी, घोट्याएवढी, दहा ओहोळांत विखुरलेली. आई ती बघून माझ्याकडे वळल्या. 'यात?' म्हणाल्या. 'यात माणूस बुडतो?' मला वाटलं, संपलं. आता जन्मभर यांना पटणार नाही.

त्यांनी मला बाजूला केलं. 'तू बोलू नकोस. मी हिला विचारते.' आन्याला मराठी येत नाही, आईंना जर्मन येत नाही. माझ्या भाषांतरावर त्यांचा विश्वास नाही. आम्ही तिघी तशाच उभ्या, वारा इतका की कानात काही ऐकू येईना.

स्पृहा गाडीतून उतरून आली आणि मध्ये उभी राहिली. तुम्हाला माहीत आहे, तिला समजतं सगळं पण ती मराठी बोलत नाही. हट्टच आहे. आई म्हणाल्या, 'विचार हिला, तू डोळ्यांनी काय पाहिलंस?' स्पृहाने विचारलं. आन्या सांगायला लागली, आणि मध्येच तिचं रडणं सुरू झालं, तरी ती बोलत राहिली, बोटाने बर्फाकडून समुद्राकडे दाखवत. स्पृहाने सगळं ऐकून घेतलं. मग आजीकडे तोंड करून मराठीत म्हणाली, 'बाबा तिकडे खाली होता. मशीन चालू झाली. आन्या हॉर्न दिला. बाबा असा हात केला.' तिने हात वर करून दाखवला. 'मग पाणी आली. खूप मोठी. मग बाबा नव्हता.'

आई म्हणाल्या, 'पाणी आलं, म्हणायचं.'

सवयीने म्हणाल्या हो, लहान मुलांना सुधारतात तसंच. आणि ते बोलून त्या तिथे वाळूत बसल्या. स्पृहा त्यांच्याजवळ बसली. म्हणाली, 'पाणी आलं.' आई म्हणाल्या, 'हां.' मग त्यांनी असा आवाज काढला की आन्या घाबरून गाडीतून पाणी आणायला धावली. मी त्यांना धरलं. त्यांनी मला ढकललं नाही. मीही रडले आप्पा, मोठ्याने, दहा महिन्यांत पहिल्यांदा. कुणाला काय वाटेल याचा विचार न करता.

परतीच्या विमानात त्या खिडकीतून बघत होत्या. खाली तो बर्फ दिसत होता, पांढराशुभ्र, शांत. म्हणाल्या, 'कुणाला वाटेल याच्या पोटात आग आहे?'

मला अजून माफ केलंय असं वाटत नाही. पण काल त्यांनी माझ्या डोक्याला तेल लावलं.

त्यांना घ्यायला मुंबईला तुम्ही स्वतः जा.

नीता


सांगली, २९ जून

चि. नीता हिस
आशीर्वाद.

विमानतळावर गेलो होतो. मला बघून ती थांबली, बॅग माझ्या हातात दिली. साताऱ्याला चहा प्यायला उतरलो तेव्हा म्हणाली, 'तुम्ही यायला हवं होतंत. मी एकटीने ऐकलं ते.' मी हो म्हणालो. एवढंच बोलणं झालं आमचं, पण झालं.

गुरुजींशी बोललो आहे. देह नसला तरी दर्भाचा पुतळा करून विधी करतात. ऑगस्टमध्ये हरिपूरच्या संगमावर करू. तू आणि स्पृहा याल का? कुंदाने विचारायला सांगितलंय. कोर्टाच्या अर्जाला आमची कुठली सही लागत असेल तर कळव. आम्ही दोघं करू.

आप्पा


सांगली, ६ जुलै

चि. नीता,

आप्पांच्या मेलवरून लिहिते आहे. टायपिंग हळू होतं.

फोनवर तुला बोलले ते मला आठवतं. ते माझ्या तोंडून गेलं, ते परत घेता येत नाही. तू मनातून काढून टाक असंही मी म्हणणार नाही. तुला जमेल तेव्हा.

मला एक गोष्ट सांग. माझ्या मोबाईलमध्ये उत्कर्षचे मेसेज आहेत. पूर आल्यानंतरचे तुझे, हे मला कळलं. ते मी पुसलेले नाहीत, पुसणारही नाही, त्यात तू आहेस. पण बावीस तारखेला संध्याकाळचा एक आहे. तिकडची वेळ आणि इकडची वेळ मला जुळवता येत नाही. तो तुझा की त्याचा? रोज उघडते आणि कळत नाही कसा वाचायचा. जे असेल ते खरं सांग. मी आता खरं ऐकू शकते.

आई


कार्ल्सरूहे, ६ जुलै

ती. आई,

तो त्याचाच आहे.

त्या वेळी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते, मला काहीच माहीत नव्हतं. तुमच्याकडे संध्याकाळ झाली होती, तिकडे दुपार. पाणी त्यानंतर आलं. मी लॅपटॉप पहिल्यांदा उघडला तेव्हा तो मेसेज समोर होता. त्या दिवशी त्याने मला काही लिहिलं नव्हतं. फक्त तुम्हाला लिहिलं होतं. मला ते फार लागलं होतं, म्हणून मी आप्पांनाही कधी बोलले नाही. आता तुम्हालाच सांगते.

पाठ झालाय मला. 'आई, आज छान ऊन पडलंय. नदीला फटाक्यांसारखा वास येतोय, दिवाळीच्या सकाळी अंगणात येतो ना, तस्सा. काम उरकतो. तुझं जेवण झालं की फोन करतो.'

हा पूर्ण त्याचा आहे, आई. एकही शब्द माझा नाही.

आम्ही ऑगस्टमध्ये येतोय.

नीता